समुद्रात बुडी मारून आलात? डॉक्टरांना ते आधी सांगा

खानदेशाला समुद्र नाही. तरी दिवाळीच्या सुट्टीत जळगाव, भुसावळ, धुळ्याहून मालवण-तारकर्लीकडे निघणाऱ्या गाड्यांत जागा मिळत नाही. सिंधुदुर्ग किल्ला पाहायचा, देवबागच्या संगमावर बोटीतून फिरायचं आणि पाठीवर हवेचं सिलिंडर बांधून थोडा वेळ पाण्याखालचे मासे बघायचे, हा आता ठरलेला कार्यक्रम झाला आहे. तो जरूर करावा. मी सांगणार आहे तो आजार, म्हणजे समुद्राच्या पाण्यातल्या व्हिब्रियो नावाच्या जंतूचा जखमेतून होणारा संसर्ग, फार क्वचित होतो. पण झाला तर दिवसांत नाही, तासांत वाढतो. आणि आपल्या भागात तो चटकन ओळखला जाणं कठीण आहे, कारण समुद्रातून परतलेला रुग्ण इथल्या दवाखान्यात रोज येत नाही.

मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. सहलीहून आलेली मुलं पायावरचे ओरखडे दाखवतात, आणि घरची मोठी माणसं म्हणतात, “खारं पानी शे, काय व्हस?” खाऱ्या पाण्यात जंतू मरतात हा समज आपल्याकडे पक्का आहे आणि त्याला आधारही आहे. लोणच्यात मीठ कमी पडलं की बुरशी येते, हे घरोघरी ठाऊक असतं. फरक आहे तो प्रमाणाचा. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, लोणच्यात त्याच्या कितीतरी पट. जंतूंना रोखायला समुद्राचं मीठ पुरत नाही. उलट काही जंतूंना जगायला थोडं मीठ लागतंच. बहुतेक व्हिब्रियो त्यांपैकी.

व्हिब्रियो हे एका मोठ्या कुळाचं नाव. स्वल्पविरामासारखा किंचित वाकलेला दांडा आणि मागे शेपटी, असं त्यांचं सूक्ष्मदर्शकाखालचं रूप. या कुळातला सगळ्यांना माहीत असलेला सदस्य म्हणजे पटकीचा जंतू, व्हिब्रियो कॉलरी. दुसरा व्हिब्रियो पॅराहिमोलिटिकस. १९५० साली जपानमधल्या ओसाकात छोटे सुकवलेले मासे खाऊन २७२ माणसं आजारी पडली, २० दगावली, तेव्हा तो पहिल्यांदा सापडला. त्याचीच एक नवी जात १९९६ मध्ये कोलकात्यात आढळली आणि पुढे जगभर पसरली. तिसरा व्हिब्रियो अल्जिनोलिटिकस. पोहणाऱ्यांच्या आणि पाणबुड्यांच्या कानात किंवा जखमेत हा बऱ्याचदा निघतो, पण बहुधा फार त्रास न देता औषधाने जातो. चौथा व्हिब्रियो व्हल्निफिकस. या लेखाचं मुख्य कारण हा चौथा.

पाणी निळंशार आणि तळ दिसण्याइतकं स्वच्छ असेल तर जंतू नसतील, असं आपण धरून चालतो. सांडपाण्यातून येणाऱ्या जंतूंच्या बाबतीत ते थोडंफार खरं आहे. किनाऱ्याचं पाणी तपासतात तेव्हा माणसाच्या आतड्यातले जंतूच मोजतात, कारण त्यांच्यावरून मैला मिसळला आहे का ते कळतं. व्हल्निफिकससारखा व्हिब्रियो मात्र मैल्यातून येत नाही. तो समुद्राचा मूळचा रहिवासी आहे. शिंपल्यांत, गाळात आणि पाण्यात तरंगणाऱ्या बारीक कवचधारी जीवांच्या अंगाला चिकटून तो राहतो. या जीवांचं कवच कायटिन नावाच्या पदार्थाचं असतं आणि व्हिब्रियोला ते पचवता येतं. राहायची जागाही तीच आणि खाऊही तोच. म्हणून तपासणीत स्वच्छ ठरलेल्या पाण्यातही तो असू शकतो.

इथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. पटकीचा जंतू या तरंगत्या जीवांना चिकटलेला असतो हे कळल्यावर अमेरिकन शास्त्रज्ञ रीटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातल्या मतलब भागात एक प्रयोग केला. जुनी सुती साडी चारपदरी किंवा जास्त घडी करून तिच्यातून पिण्याचं पाणी गाळायला बायांना सांगितलं. २००३ मध्ये निष्कर्ष छापून आले, तेव्हा पटकीचे रुग्ण ४८ टक्क्यांनी घटलेले दिसले. सुटा जंतू कापडातून सहज निघून जातो, पण तो ज्याला चिकटलाय तो जीव कापडात अडकतो. आपल्या आज्या हंड्यावर लुगड्याचा पदर धरायच्या, तोही असाच उपयोगी पडला असणार.

आता तापमान. व्हल्निफिकसला ऊब लागते. पाणी साधारण २० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की तो जोमाने वाढतो आणि थंडी पडली की गाळात दबून राहतो. युरोप-अमेरिकेत त्यामुळे हा उन्हाळ्याचा आजार आहे. कोकणच्या किनाऱ्यावर पाणी भर थंडीतही २० अंशांच्या बरंच वर असतं, म्हणजे इथे त्याला सुट्टी नाहीच. मिठाचंही त्याचं गणित आहे. भर समुद्राच्या कडक खारटपणापेक्षा मचूळ पाणी त्याला जास्त मानवतं, जिथे नदीचं गोडं पाणी समुद्राच्या पाण्यात मिसळतं तिथलं. कर्ली नदी समुद्राला मिळते ते देवबाग असं ठिकाण. खाड्या सगळ्या तशाच. आपली तापीही मध्य प्रदेशातून खानदेश ओलांडून सुरतेजवळ डुमस-हजिऱ्याच्या बाजूला समुद्रात शिरते, तिथेही तसंच पाणी. खानदेशातली किती कुटुंबं सुरतेत पोटापाण्यासाठी आहेत आणि रविवारी डुमसला जातात, ते वेगळं सांगायला नको. पाऊस संपल्यावरच्या काही आठवड्यांत नद्यांमधून गोडं पाणी भरपूर येत असतं आणि ऊनही तापतं. नेमका तोच आपल्या सहलींचा हंगाम.

तरीही हजारो माणसं त्या पाण्यात उतरतात आणि ठणठणीत परत येतात. धडधाकट कातडीतून व्हल्निफिकस आत शिरू शकत नाही. त्याला वाट लागते. खडकाला चिकटलेल्या धारदार शिंपल्याचा काप, प्रवाळाचा ओरखडा, पायात गेलेला माशाचा काटा, चपलेने उठलेला आणि फुटलेला फोड, आदल्या दिवशी गोंदवून घेतलेला टॅटू. वाट मिळाली तरी बहुतेकांचं शरीर त्याला तिथेच निपटून काढतं. भारतात अशा रुग्णांच्या नोंदी तुरळकच आहेत. पण सगळ्यांचं शरीर त्याला सारखं निपटत नाही.

यकृत आणि लोह

बहुतेक जंतूंना वाढायला लोह लागतं. रक्तात लोह भरपूर असतं, पण शरीर ते उघड्यावर ठेवत नाही. काही हिमोग्लोबिनमध्ये, काही फेरिटिन नावाच्या प्रथिनाच्या साठ्यात, आणि रक्तातून फिरणारं ट्रान्सफेरिन नावाच्या प्रथिनाने घट्ट धरलेलं. जंतू आत आला तरी उपाशीच राहतो. शरीरात किती लोह घ्यायचं आणि किती मोकळं सोडायचं यावर ताबा ठेवणारं हेप्सिडिन नावाचं संप्रेरक यकृत बनवतं. यकृत बिघडलं की हेप्सिडिन कमी पडतं, रक्तातलं लोह वाढतं, आणि एरवी यकृतातल्या पेशी रक्तातून येणारे जंतू गिळून टाकतात ते कामही ढिलं होतं. व्हल्निफिकस मोकळ्या लोहावर जितका माजतो तितके फार थोडे जंतू माजतात. हेप्सिडिन बनवता न येणाऱ्या उंदरांवर अमेरिकेत प्रयोग झाले, त्यांत हे स्पष्ट दिसलं.

म्हणून सिरॉसिस, जुनी कावीळ ब किंवा क, रोजच्या दारूने खराब झालेलं यकृत, ही सगळ्यात धोक्याची पार्श्वभूमी. मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, कॅन्सरची किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असणं, हेही त्याच यादीत. आपल्या भागासाठी मला आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. थॅलेसिमियाच्या रुग्णांना वारंवार रक्त चढवावं लागतं आणि प्रत्येक पिशवीबरोबर लोह साठत जातं. सातपुड्याच्या पट्ट्यात, नंदुरबार जिल्ह्यात विशेषतः, सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या काहींना रक्त घ्यावं लागतं. ज्यांच्या अंगात असं लोह साठलंय त्यांनी किनाऱ्यावर जाताना आपल्या डॉक्टरांना विचारूनच पाण्यात उतरावं. आश्रमशाळांच्या सहली आता कोकणापर्यंत जातात. बरोबर जाणाऱ्या शिक्षकांना हे माहीत हवं.

पंधरा तासांचा प्रवास

या जंतूचा वेग समजायला थोडा हिशेब करू. अनुकूल परिस्थितीत २० मिनिटांत एकाचे दोन होतात असं धरा. तासाला तीन वेळा दुप्पट. सहा तासांत अठरा वेळा. एका जंतूचे सहा तासांत २,६२,१४४ होतात. शरीरात इतकं मोकळं रान मिळत नाही, पण ज्याचं यकृत थकलंय त्याच्या जखमेत बरंचसं मिळतं. शिवाय हा जंतू नुसता वाढत नाही. त्याची विषं आणि विकरं आसपासच्या पेशी आणि बारीक रक्तवाहिन्या फोडतात, त्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो आणि मांस मरतं.

लक्षणं बहुधा जखमेनंतर बारा ते चोवीस तासांच्या आसपास सुरू होतात. आता आपली सहल आठवा. सकाळी पाण्यात बुडी, दुपारी जेवण, संध्याकाळी ट्रॅव्हल्सची गाडी. मालवणहून जळगाव गाठायला पंधरा तास सहज लागतात. म्हणजे पाय ठणकायला लागतो तो रात्री गाडीत, घाटाच्या आसपास कुठेतरी. माणूस म्हणतो, बसून बसून पाय आखडला. गाडीवाला वेदनाशामक गोळी देतो. सकाळी घरी पोचेपर्यंत ताप येतो, आणि दवाखान्यात सांगितलं जातं ते एवढंच: प्रवासात थंडी वाजली, पायाला सूज आली. समुद्राचा उल्लेखच होत नाही. सहल संपली, मागे राहिली, तिचा या तापाशी संबंध असेल हे डोक्यातच येत नाही.

डॉक्टरांना एक वाक्य मिळायला हवं: काल अमुक वाजता समुद्राच्या पाण्यात असताना इथे कापलं. किंवा जखम जुनी होती, पण ती घेऊन खाडीत उतरलो. यकृताचा आजार, मधुमेह असेल तर तोही त्याच दमात सांगावा. या वाक्यामुळे अँटिबायोटिकची निवड बदलते. साध्या जखमेला एरवी जी गोळी दिली जाते ती इथे पुरेलच असं नाही. व्हल्निफिकसची शंका असेल तर सहसा डॉक्सिसायक्लिन आणि सेफ्टाझिडिम किंवा सेफ्ट्रियाक्सोनसारखं इंजेक्शन जोडीने देतात, आणि मेलेलं मांस काढायला शल्यचिकित्सकाला लवकर बोलावतात. ही नावं मेडिकलवरून स्वतः आणण्यासाठी दिलेली नाहीत. इथे गोळीपेक्षा वेळ आणि शस्त्रक्रियेचा निर्णय मोठा, आणि ते काम डॉक्टरांचंच.

प्रयोगशाळेलाही त्या वाक्याचा उपयोग होतो. व्हिब्रियो वाढवण्यासाठी टीसीबीएस नावाचं खास माध्यम असतं, हिरव्या रंगाचं. पटकीचा जंतू त्यावर टाकला की त्यातली साखर आंबवून तो पिवळे ठिपके उमटवतो. व्हल्निफिकसचे ठिपके बहुधा हिरवेच राहतात. वर्गात दोन्ही ताटल्या शेजारी ठेवल्या की मुलं वाकून वाकून बघतात. पण लहान गावातल्या लॅबमध्ये जखमेच्या पुवासाठी कोणी ही ताटली मुद्दाम काढत नाही. नमुन्याच्या कागदावर ‘समुद्राच्या पाण्यातली जखम’ एवढं लिहिलेलं असेल तर काढतात.

काय दिसलं की धावायचं? जखम लहान आणि दुखणं मात्र तिच्या मानाने भयंकर, हे सगळ्यात आधीचं आणि सगळ्यात दुर्लक्षित होणारं लक्षण. मग झपाट्याने पसरणारी लाली आणि सूज. नंतर जांभळट डाग आणि रक्त भरलेले काळपट फोड. थंडी वाजून ताप, चक्कर, गळून जाणं. लाली दिसताच तिच्या कडेने बॉलपेनने रेघ मारून शेजारी वेळ लिहावी. तासाभरात ती रेघ ओलांडली गेली तर गाडी कुठेही असो, वाटेतलं मोठं हॉस्पिटल गाठावं. घर येण्याची वाट बघू नये. आणि कृपा करून जखमेत हळद भरू नका. तिच्या रंगाखाली लाली दिसेनाशी होते आणि डॉक्टरांना आधी ती धुऊन काढत बसावं लागतं.

अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राच्या म्हणण्यानुसार हा संसर्ग झालेल्या दर पाचांपैकी साधारण एक रुग्ण दगावतो, कधी कधी आजारी पडल्यावर एक-दोन दिवसांतच. फ्लोरिडात २०२२ मध्ये इयान चक्रीवादळानंतर किनाऱ्यावर पुराचं मचूळ पाणी पसरलं. त्या वर्षी त्या राज्यात ७४ रुग्ण आणि १७ मृत्यू नोंदले गेले. समुद्र तापतोय तसा हा जंतू उत्तरेकडेही सरकतोय. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर जखमेतून होणारे हे संसर्ग १९८८ मध्ये वर्षाला दहाच्या आसपास होते, २०१८ पर्यंत ते ऐंशीच्या आसपास गेले. बाल्टिकसारख्या थंड समुद्रातही उन्हाळ्याच्या लाटांमध्ये रुग्ण सापडू लागले आहेत.

खबरदारी साधी आहे. उघडी जखम, ताजी शस्त्रक्रिया, नवा टॅटू किंवा टोचलेलं कान-नाक असेल तर त्या खेपेला पाण्यात उतरू नये. जखम अगदी किरकोळ असेल तर जलरोधक पट्टी लावावी. खडकाळ भागात अनवाणी चालू नये, आणि मधुमेहींनी तर वाळूतही नाही, कारण पायाला काप गेलेला त्यांना बऱ्याचदा कळतच नाही. पाण्यात कुठे खरचटलं तर बाहेर येताच साबण आणि भरपूर गोड्या वाहत्या पाण्याने धुवावं. धनुर्वाताची लस झाली आहे का ते बघावं. आणि कालवं, तिसऱ्या असे शिंपले खायचे तर पूर्ण शिजलेलेच, कारण यकृताच्या रुग्णाला हा जंतू पोटातून थेट रक्तात पोचून जास्तच घातक ठरतो.

कान आणि बोटं

पाणबुड्यांना प्रत्यक्षात सगळ्यात जास्त सतावतो तो कान. तासन् तास पाण्यात राहिल्यावर कानाच्या नळीची कातडी फुगते, मळाचं संरक्षक लेपण निघून जातं आणि स्यूडोमोनास नावाचा जंतू तिथे ठाण मांडतो. कानाची पाळी ओढली की कळ येते, ही त्याची खूण. कानातला मळ किंचित आम्लधर्मी असतो आणि पाणी झटकून टाकतो, म्हणून बुडी मारायच्या आधी काडीने कान कोरून साफ करणं हा उफराटा उद्योग आहे. अमेरिकी नौदलाच्या, दिवसचे दिवस दाबाखाली राहून बुड्या मारणाऱ्या माणसांना सकाळ-संध्याकाळ आणि प्रत्येक बुडीनंतर सौम्य ॲसेटिक ॲसिडचे थेंब प्रत्येक कानात पाच मिनिटं ठेवायला लावतात. त्याने हा त्रास खूप घटला. एकदा बुडी मारणाऱ्याला एवढं करायची गरज नाही, मान तिरपी करून पाणी काढलं आणि टॉवेलने बाहेरून टिपलं तरी पुरे. कानाच्या पडद्याला भोक असेल तर मात्र कसलेही थेंब घालू नयेत, आणि अशा माणसाने बुडीही मारू नये.

सिलिंडरमधली हवा घ्यायला सगळ्यांच्या तोंडात जाणारी नळी आधीच्या माणसानंतर जंतुनाशकात बुडवून, गोड्या पाण्याने धुऊन दिली जाते का, ते बघायला आणि विचारायला संकोच करू नका.

शेवटी व्हल्निफिकसच्या अगदी उलट स्वभावाचा एक जंतू, मायकोबॅक्टेरियम मरिनम. हा क्षयाच्या जंतूचा नातेवाईक. त्याला ३० अंशांच्या आसपासचं तापमान आवडतं, ३७ अंशांवर त्याची वाढ खुंटते. म्हणून तो शरीरात खोल जात नाही, थंड राहणाऱ्या बोटांवर, मनगटावर, कोपरावर राहतो. ओरखड्यानंतर दोन-चार आठवड्यांनी, कधी त्याहून उशिरा, तिथे न दुखणारी लालसर-जांभळट गाठ येते आणि हळूहळू हातावर वर सरकत गेल्यासारख्या आणखी गाठी उठतात. याला समुद्राला जायचीही गरज नाही. घरातल्या काचेच्या टाकीत शोभेचे मासे असतील आणि बोटाला काप असताना तुम्ही ती टाकी घासली असेल तर तो जळगावच्या दिवाणखान्यातही गाठतो. उपचार काही महिने चालतात, पण बरं होतं. अडचण निदानाची आहे. गाठीचा तुकडा नेहमीसारखा ३७ अंशांवर ठेवला तर काहीच उगवत नाही आणि रिपोर्ट ‘जंतू नाहीत’ असा येतो. तो ३० अंशांवर काही आठवडे ठेवायला सांगावं लागतं, आणि डॉक्टर तसं तेव्हाच सांगतील जेव्हा त्यांना माशांच्या टाकीबद्दल किंवा महिन्यापूर्वीच्या बुडीबद्दल कळलेलं असेल.